पक्षिराजनचा अर्ज कोणी फेटाळला?

डोलवीच्या आमच्या अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात एक वाद झाला. तो तिथेच मिटला असता तर त्याबद्दल या पानावर लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु तो मिटला नाही. वर्ग संपल्यावर पुढच्या महिन्यात कोणता चित्रपट दाखवावा आणि त्यावर चर्चा घ्यावी, याची विचारणा झाली. नेहमीची दोन-चार नावे पुढे आली. तेवढ्यात कंत्राटी कामावर जाणारा एक तरुण साथी उभा राहिला आणि त्याने '२.०' हे नाव सुचवले. रजनीकांतचा तो यंत्रमानवाचा चित्रपट, 'रोबोट'चा पुढचा भाग. सभागृहात प्रथम हशा पिकला. मग आमच्यातील एका ज्येष्ठ साथींनी गंभीरपणे सांगितले, की अंधश्रद्धेचा प्रसार करणारा आणि पाचशे कोटींची उधळपट्टी करणारा हा चित्रपट समाजवादी अभ्यासवर्गात दाखवणे म्हणजे आपणच आपल्या चळवळीची चेष्टा करणे होय. तरुण साथी खाली बसला. बसता बसता तो एवढेच म्हणाला, "भाऊ, त्या पिक्चरमधला डोकरा म्हणजे आमचा आजाच."

त्या वाक्याला कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही, आणि त्याची टोचणी मला लागून राहिली आहे. म्हणून हा लेख. ज्या चित्रपटाला विज्ञानवाद्यांनी अवैज्ञानिक ठरवले, रसिकांनी पहिल्या भागापुढे फिका ठरवले आणि पुरोगाम्यांनी चर्चेलाही नालायक ठरवले, त्याची बाजू मी येथे घेणार आहे. तो चित्रपट निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. त्याचे दोष मी पुढे सांगणारच आहे. माझे म्हणणे इतकेच, की त्याला नावे ठेवण्याची जी कारणे आपण देतो ती बहुतांशी आपली नाहीत. ती दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीची आहेत आणि आपण ती न तपासता उचलली आहेत.

कथा काय आहे?

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. शंकर यांनी दिग्दर्शित केलेला मूळ तमिळ चित्रपट 'एंथिरन' २०१० साली आला. हिंदीत तो 'रोबोट' म्हणून गाजला. वसीकरन नावाचा शास्त्रज्ञ चिट्टी हा यंत्रमानव घडवतो. त्याला भावना येतात, तो बिघडतो आणि अखेर स्वतःला सुटे सुटे करून संग्रहालयात जमा होतो. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याचा पुढचा भाग '२.०' प्रदर्शित झाला. त्यात एके दिवशी चेन्नईतील लोकांच्या हातांतून, खिशांतून, दुकानांतून मोबाईल फोन उडून जाऊ लागतात. मोबाईलचा बडा व्यापारी, दूरसंचार कंपनीचा मालक आणि खात्याचा मंत्री यांचे एकामागून एक बळी जातात. सरकार हवालदिल होते आणि मोडीत काढलेल्या चिट्टीला पुन्हा जोडून लढाईवर पाठवते.

या फोनांच्या वावटळीमागे असतो पक्षिराजन. हा एक वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ. पक्ष्यांसाठी त्याने आपले घर आणि आयुष्य वाहिलेले असते. मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरींमुळे पक्षी मरत आहेत, अशी त्याची खात्री झालेली असते. तो कंपनीच्या मालकाकडे जातो, मंत्र्याकडे जातो, न्यायालयात जातो. सर्वत्र त्याची बोळवण होते. शेवटी तो मोबाईलच्या मनोऱ्यालाच गळफास लावून घेतो. त्यानंतर त्याचा आत्मा आणि मेलेल्या पक्ष्यांचे आत्मे एकत्र येऊन सूड उगवतात, असे चित्रपट दाखवतो. अक्षय कुमार यांनी ही भूमिका केली आहे. तिच्यावर सालिम अली यांच्या व्यक्तिमत्त्वाची छाया आहे, असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले. रायगडच्या वाचकाला सालिम अली परके नाहीत. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, त्यातूनच त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात प्रथम गाजले. डोलवीहून किहीम काही फार लांब नाही.

विज्ञानाच्या नावाने

पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा, की चित्रपट अवैज्ञानिक आहे. या आक्षेपातील सत्य मी आडपडदा न ठेवता मान्य करतो. मोबाईल मनोऱ्यांच्या लहरींमुळे चिमण्या नष्ट झाल्या, हे सिद्ध झालेले नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंची मोडतोड करणाऱ्या नसतात. चिमणी शहरातून का हटली, याची अधिक सयुक्तिक कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. कौले आणि वळचणी गेल्या, सपाट सिमेंटच्या इमारती आल्या, अंगणात धान्य पाखडणे बंद झाले, पिल्लांना भरवण्यासाठी लागणारे किडे फवारणीने संपले. आत्मा, तेजोवलय, ऋण आणि धन ऊर्जा यांची चित्रपटातील खिचडी तर निव्वळ भोंदूपणाच्या भाषेतली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. ज्या महाराष्ट्रात विवेकाच्या मागणीसाठी माणसाला प्राण द्यावे लागले, तेथील समाजवाद्याने असल्या भाकडकथेला विज्ञान म्हणून मान डोलवावी, असे मी कदापि म्हणणार नाही.

परंतु येथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हा आक्षेप सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने कोणी घेतला? तो कोणत्याही विज्ञान परिषदेने किंवा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्याने घेतला नव्हता. प्रदर्शनाच्या तोंडावर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने परीक्षण मंडळाकडे आणि माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे तक्रार नेली. चित्रपट मोबाईल आणि मनोरे यांच्याविषयी अवैज्ञानिक समज पसरवतो, सबब त्याचे प्रमाणपत्र मागे घ्यावे, असा तिचा आशय होता. ज्या पडद्यावर वर्षानुवर्षे नागीण सूड घेते, पुनर्जन्म होतो, देवाच्या मूर्तीतून तेज निघते, त्या पडद्यावरील अवैज्ञानिकतेचा या मंडळींना कधी संताप आल्याचे ऐकिवात नाही. त्यांची विज्ञाननिष्ठा जागी झाली ती पडद्यावरील भुताने मनोऱ्याला हात घातला तेव्हा. भांडवल जेव्हा विज्ञानाच्या नावाने बोलू लागते तेव्हा विज्ञाननिष्ठ माणसाने दोनदा पाहावे, एवढी सावधगिरी तरी आपण बाळगायला नको काय?

येथे माझे काही विवेकवादी मित्र म्हणतील, की बोलणारा कोण हे पाहू नये, बोलणे खरे की खोटे ते पाहावे. मान्य. मग बोलणेच पाहू. कंपन्यांच्या युक्तिवादात दोन वेगवेगळी विधाने एकत्र गुंफलेली असतात. पहिले विधान, 'हानी होते हे सिद्ध झालेले नाही.' दुसरे विधान, 'म्हणून आम्हाला अटकाव करू नका.' पहिले विधान विज्ञानाचे आहे. दुसरे विज्ञानाचे मुळीच नाही. ते हितसंबंधांचे आहे. पहिल्याच्या पदराआड दुसरे घरात शिरते आणि आपण पहिल्याला नमस्कार करताना दुसऱ्यालाही पाट मांडतो.

या बाबतीत गिधाडांची हकिकत प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावला आज गिधाडे राखण्यासाठी धडपड चालते. १९९० नंतरच्या दशकात देशभर गिधाडे झाडांवरून मरून पडू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला ही घसरण नोंदवली. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी रोग म्हणाले, कोणी विषबाधा म्हणाले. २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. तोपर्यंत काय उरले होते? पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. म्हणजे पुरावा आला, परंतु तो प्रेतांच्या राशीवर बसून आला. त्या आधीच्या वर्षांत एखाद्या खेडुताने 'डॉक्टरच्या सुईने गिधाडे मरतात' असे म्हटले असते, तर आपण त्यालाही अडाणी ठरवून घरी पाठवले असते.

गिधाडांबाबत लोकांची शंका खरी ठरू शकली असती म्हणून मनोऱ्यांबाबतचीही खरीच ठरेल, असा याचा अर्थ नाही. अर्थ इतकाच, की शंका घेणाऱ्यावर पुराव्याचे सारे ओझे टाकणे हा विज्ञानाचा नियम नसून सत्तेची रीत आहे. ज्याच्या हाती प्रयोगशाळा आहे, पैसा आहे, आकडे आहेत त्याने तपासणी करून दाखवावी, असा नियम का नसावा? आपल्याकडे तसे थोडेफार घडलेही. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली मनोऱ्यांचा पक्षी आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी समिती नेमली आणि तिने सावधगिरीचा सल्ला दिला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना माणसाच्या बाबतीत 'कदाचित घातक' अशा गटात घातले. या गटाचा अर्थ पुरावा अपुरा असल्याने पुढे पाहत राहा, एवढाच होतो हेही सांगितले पाहिजे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली गेली. ही मर्यादा काही कंपन्यांनी आपण होऊन मागितली नव्हती. घाबरलेल्या, अर्धवट माहिती असलेल्या, कधी चुकीचे बोलणाऱ्या सामान्य माणसांनी आरडाओरडा केला म्हणून ती आली. चूक बोलणारा माणूसही योग्य प्रश्न विचारू शकतो. आपण त्याची चूक दुरुस्त करावी आणि प्रश्न आपला म्हणावा, ही समाजवाद्याची रीत आहे. चूक दाखवून प्रश्नच निकालात काढणे ही कारकुनाची रीत झाली.

राज्यघटनेच्या ५१-अ कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत. ती १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, ज्या दुरुस्तीने घातली गेली तिच्याबद्दल आपल्या परंपरेतील माणसांना प्रेम असण्याचे कारण नाही. तरी त्यातील एक योगायोग बोलका आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगण्याचे कर्तव्य आणि निसर्ग जपून प्राणिमात्रांबद्दल दया बाळगण्याचे कर्तव्य ही लागोपाठच्या दोन उपकलमांत आली आहेत. आपल्या सभांतून पहिले वारंवार उद्धृत होते. त्याच्या अगदी वरच्या ओळीतले दुसरे मात्र कोणी वाचत नाही.

पाचशे कोटींचा तमाशा

दुसरा आक्षेप असा, की हा भांडवली करमणुकीचा तमाशा आहे. पाचशे कोटींहून अधिक खर्चाचा त्या वेळी डंका पिटला गेला होता, हे खरे. मी या आक्षेपाला अधिक धार लावून देतो, कारण आक्षेप घेणाऱ्या साथींना बहुधा पुढची गोष्ट ठाऊक नसावी. हा चित्रपट काढणारी लायका ही निर्मितीसंस्था ज्या उद्योगसमूहाची आहे, त्याचा मुख्य धंदाच मुळी मोबाईल सेवेचा आहे! मोबाईलच्या नफ्यातून मोबाईलविरोधी चित्रपट निघाला. यापेक्षा मोठा दांभिकपणा कोणता?

दांभिकपणा आहेच. पण त्यावरून चित्रपट टाकून द्यावा, असा निष्कर्ष निघत नाही. लोकांच्या मनात जे खदखदते आहे ते विकले जाते, हे भांडवलाला आपल्यापेक्षा आधी कळते. तिकीट काढून माणसे हा चित्रपट पाहायला येतील, असे त्या निर्मात्यांना वाटले याचा अर्थ काय? या देशातील कोट्यवधी माणसांना आपल्या हातातील वस्तूबद्दल आणि ती विकणाऱ्यांबद्दल एक अनामिक राग आहे, याचा अंदाज त्यांना होता. आपण तो राग ओळखला नाही. आपल्या पत्रकांत तो कधी उमटला नाही. बाजाराने तो ओळखला, त्याला भुताचे सोंग चढवले आणि दोन-अडीच तासांत त्याचा निचरा करून टाकला. दोष बाजाराचा तर आहेच. पण रिकामी जागा कोणी ठेवली?

शिवाय पक्षिराजनच्या तोंडी एक मुद्दा आहे, तो निव्वळ राजकीय अर्थशास्त्राचा आहे. एका देशाला इतक्या कंपन्या हव्यातच कशाला, मोठमोठे देश मोजक्या कंपन्यांवर भागवतात, मग येथे प्रत्येकीचे वेगळे मनोऱ्यांचे जाळे कशासाठी, असे तो विचारतो. हे भुताचे बोलणे नव्हे. स्पर्धेच्या नावाखाली होणाऱ्या उधळपट्टीवर समाजवाद्यांनी नेमके हेच म्हटले आहे. आणि पुढे काय झाले ते पाहा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, दरांचे युद्ध पेटले, २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, बाकीच्या बुडाल्या किंवा गिळल्या गेल्या. आज खाजगी कंपन्या उरल्या तीन, आणि सरकारची भारत संचार निगम धापा टाकत मागे चालते आहे. कंपन्या कमी व्हाव्यात ही पक्षिराजनची मागणी अशी मान्य झाली! मात्र ती ना पक्ष्यांसाठी मान्य झाली, ना जनतेसाठी. भांडवलाने ती आपल्या पद्धतीने, मक्तेदारीच्या रूपाने, पुरी केली. अभ्यासवर्गात मक्तेदारी शिकवायला याहून सोपे उदाहरण मला तरी सुचत नाही.

पुढचा भाग का आवडला नाही?

तिसरा आक्षेप रसिकांचा. पहिला 'रोबोट' हसवणारा, चटकदार होता. दुसऱ्यात ती गंमत नाही, कथा जड आहे, प्रेमकथा नाही, आणि खलनायकाची इतकी कीव येते की नायकाचा विजय गोड लागत नाही. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातील वर्णन अचूक आहे आणि निष्कर्ष उलटा आहे.

पहिल्या भागातील प्रश्न एका शास्त्रज्ञाच्या घरातला होता. यंत्राला मन आले तर काय, एवढाच. दुसऱ्या भागात प्रश्न राज्यसंस्थेचा झाला. वृद्ध पक्षिराजन वर्षानुवर्षे अर्ज घेऊन हिंडतो तेव्हा शासनाला वेळ नसतो, न्यायालयाला पुरावा पुरेसा वाटत नाही, मंत्री कंपनीच्या खिशात असतो. तो मरतो तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण व्यापारी आणि मंत्री मरू लागताच तेच शासन बैठका घेते, संग्रहालयातला यंत्रमानव बाहेर काढते, सैन्य उभे करते. अर्ज ऐकायला ज्यांच्याजवळ दहा मिनिटे नव्हती त्यांच्याजवळ दडपशाहीसाठी अमर्याद साधने निघतात. विज्ञानही तसेच. पक्षी का मरतात हे शोधायला एकही प्रयोगशाळा पुढे येत नाही. मेलेल्या माणसाचा राग आवरायला मात्र देशातील सर्वोत्तम शास्त्रज्ञ एका रात्रीत हजर होतो. शेवटच्या लढाईत कबुतरांच्या पाठीवर बसून चिमुकले यंत्रमानव येतात आणि पक्षिराजनला कबुतरांवर हात उचलवत नाही. म्हणजे ज्याच्या दयेला आयुष्यभर कोणी विचारले नाही, त्याचा पराभव अखेर त्याच्या दयेचाच फायदा घेऊन केला जातो. प्रेक्षकाला हे गोड लागले नाही, यात नवल ते काय? गोड लागायला नकोच होते. चित्रपटाच्या अखेरीस वसीकरनलाही कबूल करावे लागते, की त्या म्हाताऱ्याचा मार्ग चुकला, म्हणणे चुकले नव्हते.

रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, मराठी घरात जन्मलेले, बंगळूरच्या बसमध्ये एके काळी तिकिटे फाडणारे वाहक. मराठी माणूस म्हणून त्यांचा अभिमान मिरवणाऱ्यांनाही हा चित्रपट आवडला नाही, कारण येथे त्यांचा नायक शासनाच्या बाजूने उभा राहून एका न्याय्य मागणीचा पाडाव करतो. ती बोचणी त्यांना नकोशी झाली. मला ती चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

त्याचा खरा दोष

मग या चित्रपटात दोष नाही काय? आहे, आणि तो आमच्या टीकाकारांनी दाखवलाच नाही. पक्षिराजन एकटा आहे. कंपनीच्या दारात तो एकटा जातो, मंत्र्यापुढे एकटा बसतो, न्यायालयात एकटा हरतो, मनोऱ्यावर एकटा चढतो. त्याच्यामागे गाव नाही, संघटना नाही, कामगार नाहीत, विद्यार्थी नाहीत. जिवंतपणी ज्याला माणसांची साथ मिळत नाही त्याला चित्रपट मेल्यावर भुतांची साथ देतो. आत्म्यांची ती खिचडी शिजते ती नेमकी संघटनेच्या रिकाम्या जागेवर. म्हणून चित्रपटातील अंधश्रद्धा ही केवळ विज्ञानाची चूक नव्हे, ती राजकारणाची चूक आहे. जेथे सामुदायिक कृती सुचत नाही तेथे चमत्कार सुचतो.

हे सांगण्याचा अधिकार रायगडला आहे. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो सुमारे सहा वर्षे चालला. जमिनी पडीक राहिल्या, माणसे लाकूडफाटा विकून जगली, पण संप फुटला नाही. त्यातील कोणाजवळ आपल्या शोषणाचा शास्त्रशुद्ध अहवाल नव्हता. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण परिसरात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे त्या लढ्यात उभी होती. शेतकऱ्यांना विकासविरोधी, अडाणी म्हणणारे तेव्हाही सुशिक्षितच होते. बावीस गावे एकत्र राहिली आणि ते क्षेत्र येथे आले नाही. पक्षिराजनला बावीस गावे मिळाली असती तर चित्रपट निराळा झाला असता.

आणि विज्ञान व जनता यांची फारकत अटळ आहे, असेही कोणी समजू नये. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाणार होते. सालिम अलींसारखे शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने बोलले आणि केरळ शास्त्रसाहित्य परिषदेने गावोगाव जाऊन तो प्रश्न लोकांना समजावून दिला. १९८३ साली प्रकल्प सोडून द्यावा लागला, १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तेथे शास्त्रज्ञाला लोक मिळाले आणि लोकांना शास्त्र मिळाले. पक्षिराजनला दोन्ही मिळाले नाही.

त्या तरुणाचा आजा

आता सभागृहातील त्या वाक्याकडे येतो. वर्गानंतर मी त्या तरुण साथीबरोबर धरमतर खाडीच्या बाजूने वडखळच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. त्याने आपल्या आजोबांची हकिकत सांगितली. त्यांची खारातली जमीन. भरतीच्या पाण्याने बाहेरकाठ्याला खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरले. पूर्वी अशी खांड पडली की जोळ जमायचा, गावकरी चिखल वाहून बांध घालायचे. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बांध सरकारच्या यादीत गेले, आणि हळूहळू जोळही मोडला. आजोबांनी अर्ज केला. कोणत्या कचेरीत, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. सगळ्या कचेऱ्या या बाबतीत सारख्याच. तेथील साहेबांनी विचारले, "खांड कशामुळे पडली याचा तांत्रिक अहवाल आहे का तुमच्याकडे?" आजोबांकडे अहवाल नव्हता. त्यांच्याकडे जन्मभर पाहिलेल्या भरत्या-ओहोट्या होत्या. उघाडी कुठे गळते, जिताडा कोणत्या महिन्यात खाजणात शिरतो, तुतवार कोणत्या थंडीत चिखलावर उतरतात आणि कोणत्या वर्षापासून उतरेनासे झाले, हे त्यांना ठाऊक होते. या ज्ञानाला अर्जाच्या नमुन्यात रकाना नाही. ते पाच-सहा वर्षे खेटे घालत राहिले. मग थकले आणि गेले. जमिनीत आता कांदळ माजले आहे.

"पिक्चरमधली भुतं खोटी हायत, ते मला पण कळतं भाऊ," तो म्हणाला. "पण हापिसात बसलेला डोकरा खरा हाय."

आम्ही त्याला हसलो. तो काय पाहत होता हे विचारण्याआधी त्याने काय पाहावे हे आम्ही ठरवून टाकले. त्या कचेरीतील साहेबांनी त्याच्या आजोबांना जे केले, त्याहून आम्ही निराळे काय केले? साहेबांनी अहवाल मागितला, आम्ही वैज्ञानिक दृष्टिकोन मागितला. दोन्हींमुळे माणूस गप्प बसला.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुढच्या महिन्याच्या अभ्यासवर्गात '२.०' दाखवावा. चित्रपटाआधी विज्ञानाच्या एखाद्या शिक्षकाने अर्धा तास लहरी म्हणजे काय, चिमण्या का कमी झाल्या, काय सिद्ध झाले आहे आणि काय नाही, हे सांगावे. आत्म्यांची भाकडकथा तेथेच निकालात निघेल. चित्रपटानंतर चर्चेला एकच प्रश्न ठेवावा, 'पक्षिराजनचा अर्ज आपल्या शाखेकडे आला असता तर आपण काय केले असते?' ज्येष्ठ साथींनी या चर्चेचे अध्यक्षपद घ्यावे, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे. त्यांचा आक्षेप मी येथे खोडला असला, तरी विवेकाविषयीची त्यांची कळकळ मला ठाऊक आहे, आणि ती चर्चेत हवीच.

आणि चर्चेच्या आधी आणखी एक काम आहे. त्या खांडीचा अर्ज अजून कुठल्या तरी फायलीत पडून असणार. आजोबांच्या नावाने एकट्याने केलेला तो अर्ज शोधून काढावा, खारातील सगळ्या कुटुंबांच्या सह्यांनिशी तो नव्याने लिहावा आणि या वेळी तो घेऊन एकटा माणूस न जाता सगळ्यांनी मिळून जावे. तरुण साथीने सह्यांचे काम अंगावर घेतले आहे. त्याला हाताखाली चार माणसे हवी आहेत.